कॉर्पोरेट फायनान्सचा पहिला कोर्स करताय? मग सूत्रांच्या आधी टाइमलाइन

कॉर्पोरेट फायनान्स आणि इन्व्हेस्टमेंटचा पहिला पेपर जड जातो तेव्हा बहुतेक जण म्हणतात माझं गणित कच्चं आहे. पण गणित लागतं किती हो, घातांक, भूमिती श्रेणीची बेरीज आणि सरासरी, व्हेरियन्स, कोव्हेरियन्स एवढं संख्याशास्त्र, बास. अडतं ते दुसरीकडेच. कुठला पैसा नक्की कधी येतोय आणि तो आजच्या किमतीला आणायला कुठला दर वापरायचा, हे दोन प्रश्न न विचारता डायरेक्ट सूत्रात आकडे टाकले जातात. बॉण्डची किंमत, शेअरची किंमत, नवा प्लांट टाकायचा की नाही, अख्खी कंपनी विकत घेताना काय मोजायचं, सगळीकडे तेच दोन प्रश्न वेगवेगळे कपडे घालून येतात. त्यामुळे सेमिस्टरभर अभ्यास याच दोन प्रश्नांभोवती लावा असं माझं म्हणणं आहे, आणि खाली जे सांगतोय ते त्याच क्रमाने.

आधी एक अट. अकाउंटिंगचा पाया नसेल तर पहिले दहा-बारा दिवस त्यालाच द्या. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि कॅश फ्लो स्टेटमेंट ही तिन्ही एकमेकांशी कशी जोडलेली आहेत एवढं कळलं पाहिजे, जर्नल एंट्रीत पारंगत व्हायची गरज नाही. नफा म्हणजे रोकड नव्हे हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं पण प्रश्नात घसारा दिसला की तेच लोक तो खर्च म्हणून वजा करून मोकळे होतात.

टाइमलाइन काढा, दर वेळी काढा

कागदावर आडवी रेघ, तिच्यावर ०, १, २, ३ असे खुणेचे आकडे, ० म्हणजे आज आणि १ म्हणजे एक वर्षानंतर (पहिल्या वर्षाचा शेवट, सुरुवात नाही). प्रत्येक खुणेखाली तेव्हाची रक्कम, येणारी असेल तर अधिक, जाणारी असेल तर उणे. हे इतकं सोपं वाटतं की लोक दोन दिवसांत सोडून देतात आणि मग मार्क जातात.

कुठे जातात ते बघा. प्रश्न असा येतो: चौथ्या वर्षापासून दर वर्षी २०० मिळणार, असे एकूण ५ हप्ते, दर १० टक्के, आजची किंमत काढा. ५ वर्षांच्या ॲन्युइटीचा (दर वर्षी सारख्याच येणाऱ्या हप्त्यांचा) फॅक्टर ३.७९०८, गुणिले २०० म्हणजे ७५८.१६, इथपर्यंत सगळे बरोबर येतात. आता ही ७५८.१६ रक्कम कुठल्या तारखेची? पहिला हप्ता चौथ्या वर्षी आहे म्हणून बरेच जण चौथ्या वर्षाची समजतात आणि चार वर्षं मागे आणतात, उत्तर येतं ५१७.८३. पण ॲन्युइटीचं सूत्र पहिल्या हप्त्याच्या एक वर्ष आधीची किंमत देतं, म्हणजे ही रक्कम तिसऱ्या वर्षाची आहे, तीनच वर्षं मागे आणायची, १.३३१ ने भागायचं, बरोबर उत्तर ५६९.६१. रेघ काढलेली असेल तर ही चूक डोळ्यांना दिसते, नसेल तर कॅल्क्युलेटर काही सांगत नाही.

शेअरच्या किमतीत हेच भूत परत येतं. वाढत जाणाऱ्या डिव्हिडंडचं सूत्र म्हणजे पुढच्या वर्षीचा डिव्हिडंड भागिले (दर वजा वाढ). पुढच्या वर्षीचा! प्रश्नात मात्र मुद्दाम लिहिलेलं असतं ‘कंपनीने नुकताच ५ डिव्हिडंड दिला’, मग आधी तो वाढीच्या दराने एक वर्ष पुढे न्यायचा आणि नंतर भागायचं. आणि वाढीचा दर डिस्काउंट रेटच्या (पुढची रक्कम आजच्या किमतीला आणायच्या दराच्या) वर किंवा बरोबरीला असेल तर सूत्र चालतच नाही, तिथे ऋण किंमत काढून उत्तराखाली दोन रेघा मारणारे लोक असतात, तुम्ही त्यातले होऊ नका.

दराच्या बाबतीत पण एक सवय लावा. १२ टक्के दर, व्याज दरमहा जोडलं जातं असं लिहिलं असेल तर महिन्याला १ टक्का आणि वर्षाचा खरा दर १२.६८ टक्के. महागाईचं तसंच, नॉमिनल दर १० आणि महागाई ६ तर रिअल दर ४ नाही, १.१० भागिले १.०६ वजा १, म्हणजे ३.७७ टक्के. कॅश फ्लो महागाई धरून लिहिलेले असतील तर नॉमिनल दर, महागाई काढून लिहिलेले असतील तर रिअल दर, सरमिसळ केली की उत्तर गेलं.

एनपीव्ही, आणि आयआरआरचा मोह

एनपीव्ही म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या रकमा आजच्या किमतीला आणून केलेली बेरीज. एक प्रोजेक्ट घ्या, आज १००० घालायचे, पुढची ३ वर्षं दर वर्षी ४५० येणार. १० टक्क्यांनी एनपीव्ही ११९.०८, १५ टक्क्यांनी २७.४५ आणि २० टक्क्यांनी उणे ५२.०८. म्हणजे कुठेतरी १५ आणि २० च्या मध्ये एनपीव्ही शून्य होतो, तोच दर म्हणजे आयआरआर, इथे साधारण १६.६५ टक्के. हे तिन्ही आकडे स्वतः हाताने काढा आणि ग्राफवर ठिपके देऊन वक्ररेषा काढा, कारण पुढच्या सगळ्या भानगडी त्या रेषेवर दिसतात.

आयआरआर लोकांना आवडतो कारण तो टक्क्यात असतो आणि टक्के मीटिंगमध्ये छान वाटतात. पण दोनपैकी एकच प्रोजेक्ट निवडायचा असेल तर बघा: पहिल्यात १०० घालून वर्षाने १५० मिळतात, आयआरआर ५० टक्के. दुसऱ्यात १००० घालून १२५० मिळतात, आयआरआर २५ टक्के. १० टक्के दराने पहिल्याचा एनपीव्ही ३६.३६ आणि दुसऱ्याचा १३६.३६. मालकाच्या खिशात जास्त पडतात दुसऱ्यातून, टक्का कितीही कमी दिसला तरी.

त्याहून गमतीचा प्रकार म्हणजे दोन आयआरआर असणारा प्रोजेक्ट. आज उणे १००, एक वर्षाने अधिक २३०, दोन वर्षांनी उणे १३२ (खाण बंद करताना जागा पूर्ववत करून देण्याचा खर्च असतो ना, तसलं काहीतरी समजा). १० टक्के घालून बघा, एनपीव्ही शून्य. २० टक्के घालून बघा, तरीही शून्य. मधल्या दरांना एनपीव्ही किंचित धन आणि बाहेरच्या दरांना ऋण. आता ‘आयआरआर दरापेक्षा जास्त असेल तर घ्या’ हा नियम कुठल्या आयआरआरला लावणार? चिन्ह एकापेक्षा जास्त वेळा बदललं की हा धोका असतो हे लक्षात ठेवा, परीक्षेत हमखास विचारतात. पेबॅक पिरियड (घातलेले पैसे किती वर्षांत परत येतात) वगैरे एकदा वाचा, तो नंतर येणारे पैसे बघत नाही आणि साध्या रूपात वेळेची किंमतही धरत नाही, एवढं लिहिता आलं की पुरे.

एनपीव्हीच का, याचं कारण मात्र नीट समजून घ्या, कारण ते कुणी समजावत बसत नाही. अर्व्हिंग फिशरने १९३० मध्ये मांडलेला विचार असा की भागधारकांपैकी कुणाला आज पैसा हवाय, कुणाला वीस वर्षांनी, तरी मॅनेजरला प्रत्येकाची आवड विचारत बसायची गरज नाही. बाजारात एकाच दराने कर्ज घेता-देता येत असेल तर मॅनेजरने फक्त एकूण किंमत वाढवावी, मग ज्याला आज हवंय तो कर्ज काढेल किंवा विकेल, ज्याला नंतर हवंय तो गुंतवेल. भागधारक आणि व्यवस्थापन वेगळे असलेली मोठी कंपनी चालू शकते यामागचं हे एक मोठं कारण आहे, आणि ‘एकाच दराने’ ही अट मोडली की काय होतं यावरही प्रश्न येऊ शकतो.

स्प्रेडशीट वापरत असाल तर एक सावधगिरी. एक्सेलचं एनपीव्ही फंक्शन पहिल्या सेलमधली रक्कम एक वर्षानंतरची धरतं. वरच्या प्रोजेक्टचे चारही आकडे त्यात टाकले तर ११९.०८ ऐवजी १०८.२६ येतं. सुरुवातीचे १००० फंक्शनच्या बाहेर ठेवून वजा करा.

कॅश फ्लोमध्ये काय धरायचं, काय नाही

हा भाग वर्गात पटकन उरकतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ यालाच द्यायला हवा, कारण नोकरीत गेल्यावर दर तुम्हाला कुणीतरी देतं पण कॅश फ्लो तुम्हालाच उभे करायचे असतात.

घसाऱ्यापासून सुरू करू. विक्री ५००, रोख खर्च ३००, घसारा ८०, कर २५ टक्के. करपूर्व नफा १२०, कर ३०, निव्वळ नफा ९०. पण रोकड किती आली? ५०० वजा ३०० वजा ३० म्हणजे १७०, किंवा ९० मध्ये घसाऱ्याचे ८० परत मिळवा, तेवढेच. घसारा स्वतः कुणाला द्यावा लागत नाही पण त्याने कर २० ने कमी झाला, तेवढाच त्याचा खरा फायदा. हा हिशोब दोन्ही वाटांनी करून जुळतो का बघायची सवय ठेवा.

मग बुडीत खर्च, म्हणजे सर्व्हेवर किंवा संशोधनावर आधीच घालवलेला पैसा. प्रोजेक्ट घेतला काय, सोडला काय, तो गेलाच, म्हणून तो धरायचा नाही. याच्या उलट, कंपनीच्या मालकीची रिकामी जागा वापरणार असाल तर ती फुकट नाही, ती विकून किंवा भाड्याने देऊन जे मिळालं असतं ते धरायचं. नव्या मॉडेलमुळे जुन्या मॉडेलची विक्री घटणार असेल तर ती घटही नव्याच्या खात्यात उणे करायची. कसोटी एकच ठेवा: हा प्रोजेक्ट घेतल्यावर कंपनीची एकूण रोकड आणि न घेतल्यावरची एकूण रोकड, यात फरक कुठे कुठे पडतो?

वर्किंग कॅपिटल (मालाचा साठा, उधारी यात गुंतलेला पैसा) वाढलं की रोकड अडकते, आणि प्रोजेक्ट संपला की ती सुटते, ते शेवटच्या वर्षी परत मिळवायचं विसरू नका. आणि कर्जावरचं व्याज कॅश फ्लोमधून वजा करायचं नाही! डिस्काउंट रेट म्हणून डब्ल्यूएसीसी (कर्ज आणि शेअर-भांडवल यांच्या दरांची भारित सरासरी) घेतलाय त्यात कर्जाची किंमत आधीच आहे, परत व्याज कापलं तर एकच गोष्ट दोनदा मोजली. हे वाचून मान डोलावणं सोपं आहे, मोठ्या प्रश्नात व्याजाची ओळ समोर दिसली की हात आपोआप तिकडे जातो.

आता दर कुठून आणायचा

इथे इन्व्हेस्टमेंटचा अर्धा कोर्स सुरू होतो आणि पोरांना वाटतं विषयच बदलला. विषय तोच आहे. आत्तापर्यंत १० टक्के प्रश्नात दिलेले होते, आता ते १० कुठून आले ते शोधायचंय. याचं उत्तर ‘तेवढाच धोका असलेल्या दुसऱ्या ठिकाणी पैसे लावले असते तर जे अपेक्षित मिळालं असतं ते’ असं आहे. मग लगेच पुढचा प्रश्न, तेवढाच धोका म्हणजे किती, धोका मोजायचा कसा.

हॅरी मार्कोविट्झने १९५२ मध्ये याला गणिती रूप दिलं. त्याचा मुद्दा आकड्यात बघा. दोन शेअर, एकाचं स्टँडर्ड डेव्हिएशन (रिटर्नच्या चढउताराचं माप) २० टक्के, दुसऱ्याचं ३०, पैसे निम्मे निम्मे. कोरिलेशन (दोघांचे रिटर्न किती एकत्र हलतात याचं माप) १ असेल तर पोर्टफोलिओचं २५, सरळ सरासरी. कोरिलेशन ० असेल तर ०.०१ अधिक ०.०२२५ चं वर्गमूळ, म्हणजे १८ च्या आसपास. थांबा आणि हा आकडा परत बघा, जास्त धोक्याचा शेअर मिसळूनही एकूण धोका दोघांतल्या कमी धोक्याच्या शेअरपेक्षाही खाली गेला. उणे १ असेल तर ५ टक्के. हे गणित हाताने एकदा केलं की ‘डायव्हर्सिफिकेशन’ हा शब्द भाषणातला राहत नाही. (मार्कोविट्झच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेत मिल्टन फ्रीडमनने हे अर्थशास्त्रच नाही असा वाद घातला होता, हे स्वतः मार्कोविट्झनेच नंतर सांगितलंय. १९९० मध्ये त्याच कामासाठी त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, मर्टन मिलर आणि विल्यम शार्प यांच्यासोबत.)

शार्पने १९६४ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. जो धोका मिसळून नाहीसा होतो त्याचा मोबदला बाजार कशाला देईल? उरतो तो अख्ख्या बाजाराबरोबर हलणारा धोका, त्याचं माप म्हणजे बीटा. या मॉडेलला सीएपीएम म्हणतात, त्याचं सूत्र सोपं आहे, रिस्क फ्री दर अधिक बीटा गुणिले मार्केट रिस्क प्रीमियम (बाजाराचा रिटर्न वजा रिस्क फ्री दर). सापळा शब्दांत असतो. रिस्क फ्री ४, बीटा १.२ आणि ‘मार्केट रिटर्न १०’ दिलं असेल तर प्रीमियम ६, उत्तर ११.२. पण ‘मार्केट रिस्क प्रीमियम १०’ लिहिलं असेल तर त्यातून ४ वजा करायचे नाहीत, उत्तर १६. प्रश्न वाचताना त्या शब्दाखाली रेघ ओढा. अजून एक, कंपनीचा बीटा कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा असतो, ती वेगळ्याच धंद्यात उतरत असेल तर त्या धंद्यातल्या कंपन्यांचा बीटा घेऊन त्यातून त्यांच्या कर्जाचा परिणाम काढून आपल्या कर्जाचा घालावा लागतो. सगळ्या प्रोजेक्टना एकच डब्ल्यूएसीसी लावणाऱ्या कंपनीत धोक्याचे प्रोजेक्ट उगाच पास होतात आणि सुरक्षित प्रोजेक्ट उगाच नापास.

मोदिग्लियानी-मिलर, जिथे बहुतेक जण हात टेकतात

१९५८ मध्ये फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर यांनी सांगितलं की कर नाही, दिवाळखोरीचा खर्च नाही, सगळ्यांना सारखी माहिती, अशा जगात कंपनीने पैसा कर्जातून उभा केला की शेअरमधून याने कंपनीच्या एकूण किमतीत फरक पडत नाही. विद्यार्थी म्हणतात, असं जग कुठे असतं, मग शिकायचं कशाला. पण या सिद्धांताचा उपयोगच असा की फरक पडतो असं कुणी म्हटलं तर त्याला विचारायचं, यातली कुठली अट मोडल्यामुळे पडतो ते सांग.

‘कर्ज स्वस्त असतं म्हणून कर्ज वाढवलं की डब्ल्यूएसीसी कमी होतो’ हे वाक्य परीक्षेत शेकड्याने लिहिलं जात असेल. करून बघा. धंद्याचा दर १०, कर्जाचा ५, कर्ज आणि इक्विटी (शेअर-भांडवल) समसमान. इक्विटीचा दर १०च राहत नाही, धोका वाढल्याने तो १० अधिक १ (कर्ज भागिले इक्विटी) गुणिले (१० वजा ५) म्हणजे १५ होतो. डब्ल्यूएसीसी? निम्मे १५ आणि निम्मे ५, परत १०. स्वस्त कर्जाने जे वाचलं ते महाग झालेल्या इक्विटीने खाल्लं. १९६३ च्या लेखात त्यांनी कराचा हिशोब दुरुस्त केला, व्याजावर कर वाचतो म्हणून कर्जाला किंमत येते, कायमचं ४०० कर्ज आणि २५ टक्के कर असेल तर १०० ची. मग सगळे शंभर टक्के कर्ज का घेत नाहीत, इथून दिवाळखोरीचा खर्च, मॅनेजर आणि भागधारकांचं वेगळं हित, कंपनीच्या आतल्यांना बाहेरच्यांपेक्षा जास्त माहिती असणं, हे सगळे धडे ओळीने येतात. हे सुटे धडे म्हणून वाचू नका. मोडलेल्या अटींची यादी म्हणून वाचा आणि प्रत्येक धड्याच्या वर लिहा कुठली अट मोडली. आणि हो, डब्ल्यूएसीसीचे भार बाजारभावाने घ्यायचे, ताळेबंदातल्या पुस्तकी किमतीने नाही.

बाजार किती कार्यक्षम आहे हा धडा वाचायला गोष्टीसारखा आहे म्हणून लोक शेवटच्या रात्रीवर टाकतात. यूजीन फामाने १९७० मध्ये केलेले तीन प्रकार, वीक, सेमी-स्ट्राँग आणि स्ट्राँग, म्हणजे अनुक्रमे जुन्या किमती, सगळी जाहीर माहिती आणि आतली माहितीसुद्धा भावात आधीच आलेली असणं. इथे एक मुद्दा लिहिला की परीक्षकाला कळतं तुम्हाला समजलंय: बाजार कार्यक्षम आहे का हे तपासायला ‘योग्य रिटर्न किती’ याचं मॉडेल लागतं, त्यामुळे निकाल उलटा आला तर बाजार चुकला की मॉडेल चुकलं हे सांगता येत नाही. २०१३ चं नोबेल फामा आणि रॉबर्ट शिलर या दोघांनाही एकाच वर्षी मिळालं (तिसरे लार्स पीटर हॅन्सन), आणि या प्रश्नावर त्या दोघांची मतं बऱ्यापैकी उलट आहेत. ऑप्शन प्रायसिंग (ठरलेल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करायच्या हक्काची किंमत काढणं) पहिल्या कोर्समध्ये असेल तर एका टप्प्याची बायनॉमिअल पद्धत पक्की करा, ब्लॅक-शोल्सचं सूत्र नंतर.

आठवड्याचं काय, परीक्षेचं काय

लेक्चरच्या आधी धडा चाळा, सूत्रांच्या सिद्धतेत अडकू नका. लेक्चरनंतर त्याच दिवशी धड्यामागचे प्रश्न सोडवा, आणि उत्तरपत्रिका उघडी ठेवून सोडवू नका, ‘हां असंच करणार होतो’ हा भास फार गोड असतो. सोडवून झाल्यावर दर २ टक्क्यांनी वाढवला तर उत्तर कुठल्या दिशेला जाईल ते आधी तोंडाने सांगा, मग कॅल्क्युलेटर. बॉण्डमध्ये तर हे करायलाच हवं, यील्ड (बॉण्डवरचा परताव्याचा दर) वर गेला की किंमत खाली, आणि मुदत लांब असेल तर, बाकी सगळं सारखं असताना, किंमत सहसा जास्त खाली.

सूत्रांची वही करा पण प्रत्येक सूत्राशेजारी ते केव्हा चालत नाही ते लिहा. एखाद्या लिस्टेड कंपनीचा वार्षिक अहवाल डाउनलोड करा आणि सेमिस्टरभर तीच कंपनी घेऊन बसा, बीटा आला की तिचा काढा, डब्ल्यूएसीसी आला की तिचा, शेवटी तिच्या शेअरची किंमत काढून बाजारभावाशी लावून बघा. फरक निघेलच, मग कुठलं गृहीतक बदललं की फरक मिटतो ते शोधण्यात एक अख्खी दुपार जाते आणि ती दुपार तीन लेक्चरच्या तोडीची असते. ग्रुपमध्ये अभ्यास करत असाल तर प्रश्न वाटून घेऊ नका, सगळ्यांनी तोच प्रश्न सोडवा आणि उत्तरं जुळली नाहीत की भांडा.

परीक्षेत पहिली दोन मिनिटं टाइमलाइनला. गृहीतकं शब्दात लिहा, आकडेमोड चुकली तरी पद्धतीचे मार्क बऱ्याच ठिकाणी मिळतात, पण ती पद्धत कागदावर दिसली पाहिजे. मधल्या पायऱ्यांना राउंडिंग करू नका, चार दशांश तरी ठेवा. आकड्यानंतर एक वाक्य, प्रोजेक्ट घ्यावा की नाही आणि का, ते नसेल तर अर्धा प्रश्न सोडल्यासारखं आहे. आणि एनपीव्ही, आयआरआरमध्ये दोन वेगळी उत्तरं आली तर घाबरून खोडू नका, बहुतेक वेळा प्रश्न त्यासाठीच रचलेला असतो.